विद्याधर टिपणीसांचं मत

प्रचाराचं ऑफिस ज्या गाळ्यात थाटलं होतं तिथे पूर्वी लाँड्री होती. यंत्रं कधीच काढून नेली होती, तरी भिंतींमध्ये साबणाचा वास मुरलेला होता आणि हीटर लावला की तो जास्तच जाणवायचा. चारुशीला टिपणीस अंगातला कोट न काढताच संगणकासमोर बसली होती. मागे डोलोरेस उभी होती.

डोलोरेस तिची प्रचारप्रमुख. तळ्याकाठच्या त्या मोठ्या अमेरिकन शहरात महापालिकेच्या निवडणुका लढवून देण्यात तिची हयात गेली होती. कुठल्या गल्लीत कुत्री अंगावर येतात आणि कुठल्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर लोक गप्पा मारत थांबतात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. यंदाचा उमेदवार मात्र तिलाही नवा होता. शहराच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेली, मूळची साताऱ्याची, डॉक्टरेट केलेली एक रसायनतज्ज्ञ बाई. मुद्दा एकच, शिशाच्या नळ्या. वॉर्डातल्या कितीतरी जुन्या घरांना रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीतून पाणी यायचं ते शंभर वर्षांपूर्वीच्या शिशाच्या नळीतून. त्या नळ्या बदलायचं आश्वासन दर निवडणुकीत मिळायचं आणि निवडणुकीनंतर विरून जायचं. निवृत्तीनंतर घरी बसून ते बघणं चारुशीलाला जमेना, म्हणून ती उभी राहिली होती. मतदान फेब्रुवारीत होतं. आता नोव्हेंबर उजाडला होता.

"हे बघ डॉक," डोलोरेस म्हणाली, "खऱ्या दारावर थाप मारण्याआधी इथे मारायची. म्हणूनच याचं नाव 'फर्स्ट नॉक'. माणूस काय म्हणेल ते आधी इथे कळतं. मग उगाच बूट झिजवायला नकोत."

चारुशीलाने माहितीपत्रक आधीच वाचून काढलं होतं. अमेरिकेत मतदारयादी उमेदवारांना सहज मिळते. कोणी कुठल्या निवडणुकीत मतदान केलं हे तीत असतं. कोणाला केलं ते मात्र नसतं. ही उणीव भरून काढण्याचं काम 'फर्स्ट नॉक' करत असे. यादीतल्या प्रत्येक नावाला त्या माणसाची विकत मिळणारी सगळी माहिती जोडलेली असायची. त्याने महापालिकेकडे केलेल्या तक्रारी, शेजारपाजाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलेलं बरंवाईट, सार्वजनिक सभांमध्ये विचारलेले प्रश्न. अलीकडे त्यात घरातलं बोलणंही आलं होतं. वीज कंपनीने सवलतीत दिलेली, घराचं तापमान सांभाळणारी यंत्रं भिंतीवरून सगळं ऐकत असत. परवानगी ज्याची त्यानेच, न वाचता दिलेली असे. या साऱ्यावरून प्रोग्रॅम त्या माणसाची बोलण्याची रीत शिकायचा आणि एका वाक्यानंतर त्याच्या तोंडून दुसरं कोणतं येण्याचा संभव जास्त, ते मांडत जायचा. वादळाचा मार्ग वर्तवताना हवामानशास्त्रज्ञ एकच गणित आकडे किंचित बदलून पुन्हा पुन्हा सोडवतात आणि बहुतेक उत्तरं कुठे झुकतात ते बघतात. इथे वादळाच्या जागी माणूस होता. शेवटी त्याला एक ते पाच यांपैकी एक आकडा मिळायचा. एक म्हणजे आपला, पाच म्हणजे कधीच आपला नाही. आवाजाची नक्कल करायला कायद्याने बंदी होती, त्यामुळे उत्तरं पडद्यावर अक्षरांत उमटायची. कंपनी याला काहीतरी भारदस्त नाव देत असे. कार्यकर्ते नुसतंच 'सावली' म्हणत.

"यंत्र खरं सांगतं कशावरून?" चारुशीलाने विचारलं.

"तुझं काय म्हणणं?"

"नवं यंत्र आलं की आधी ज्ञात नमुना घालून बघायचा. ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे असा."

तिने स्वतःच्या घराचा पत्ता टाकला. डोलोरेस हसली. उमेदवाराच्या घरावर थाप मारायची नाही, तो पत्ता यादीतून आधीच खोडून टाकायचा, हा प्रचारातला जुना शिरस्ता होता. तिथली मतं आपलीच, तिथे वेळ कोण घालवणार?

पडद्यावर एक नाव येईल अशी चारुशीलाची अपेक्षा होती. आली दोन. चारुशीला टिपणीस. विद्याधर टिपणीस.

विद्याधर सप्टेंबरमध्ये गेला होता. सकाळी अंगणातली पानं गोळा करायला म्हणून बाहेर पडला आणि पायरीवरच कोसळला.

"अरे देवा," डोलोरेस हळू आवाजात म्हणाली. "मतदारयादी ते वर्षातून एकदाच साफ करतात, वसंतात. थांब, मी काढते आपल्या बाजूने."

"नको."

"डॉक—"

"हाच माझा ज्ञात नमुना."

"मग तुझंच नाव उघड की. तेही आहे."

"माझं मत मला माहीत आहे," चारुशीला म्हणाली आणि तिने विद्याधरच्या नावावर बोट ठेवलं. पडद्यावर एका दाराचं साधं चित्र आलं. काय विचारायचं ते तिने ठरवलं नव्हतं. बोटं आपोआप मराठीत लिहून गेली. *मी महापालिकेला उभी आहे. मला मत देणार ना?*

क्षणभराने उत्तर आलं. *आत्ता नको. मग बघू.*

हीटरची घरघर चालू होती. डोलोरेसला मराठी येत नव्हतं, पण कोपऱ्यातला आकडा तिला वाचता आला. चार.

*

'मग बघू' हे विद्याधरचं सगळ्या गोष्टींना उत्तर होतं. घर घेण्याचं निघालं तेव्हा मग बघू. ऋजुताला दूरच्या कॉलेजात पाठवायची वेळ आली तेव्हा मग बघू. चालताना तुझ्या छातीत भरून येतं, डॉक्टरांना दाखव, असं ती म्हणाली तेव्हाही तेच. ऑगस्टमध्ये एका दुपारी तिने निवडणूक लढवायचं ठरवल्याचं सांगितलं. तो भेंडी चिरत होता. वर न बघता म्हणाला, "मग बघू." त्यानंतर बघायला वेळच मिळाला नाही. तो तिच्या बाजूने होता की नव्हता, ते तिला आता कोण सांगणार होतं?

तिने प्रोग्रॅम घरच्या टॅब्लेटवर घेतला. रोज दुपारी जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती त्याच्या दारावर थाप मारायची. सावलीला आधीचं काही आठवत नसे. प्रत्येक वेळी दार नव्याने उघडायचं, वाद नव्याने सुरू व्हायचा. आणि वाद अगदी त्याचेच होते.

*रस्ते तू खणणार आणि शिव्याही तूच खाणार.*

*लोकांना पाणी स्वच्छ हवं असतं, पण दारापुढचा खड्डा नको असतो. तुला कळत कसं नाही?*

*निवडून आलीस तर संध्याकाळी घरात कोण असणार?*

हे शेवटचं वाचून तिला हसू आलं, आणि मग पुढचा बराच वेळ तिने टॅब्लेट उलटा घालून ठेवला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा बसलीच.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की त्याला काय पटतं ते शोधून काढता येतं. नळ्या बदलण्याचं काम आधी नदीपलीकडच्या गरीब वस्तीत सुरू करायचं, ही तिची मूळ योजना होती, कारण शिसं सगळ्यात जास्त तिथल्या मुलांच्या रक्तात सापडलं होतं. सावलीला हे रुचत नसे. *आपल्या गल्लीचं काय?* असं ती विचारायची. मग चारुशीलाने एके दिवशी लिहिलं की काम सगळीकडे एकदमच सुरू होईल. कोपऱ्यातल्या चारचा तीन झाला. तिला आनंद झाला. कसलं तरी बक्षीस मिळाल्यासारखा. पुढच्या सभेत तिने 'सगळीकडे एकदमच' असं जाहीर सांगून टाकलं. तसं करायला शहराकडे माणसंही नव्हती आणि यंत्रंही, हे तिच्याइतकं नेमकं त्या सभागृहात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तुझं भाषण बदललं," सभेनंतर डोलोरेस म्हणाली.

"लोकांना पटेल असं केलं."

"कुठल्या लोकांना? या आठवड्यात किती दारं वाजवलीस तू? खरी दारं, डॉक. लाकडाची."

चारुशीलाने भाषणाचे कागद घडी घालून खिशात टाकले.

डोलोरेसनेच ऋजुताला कळवलं असावं, कारण रविवारी मुलीचा फोन आला. ऋजुता दुसऱ्या टोकाच्या राज्यात नोकरीला होती.

"आई, तू बाबांशी भांडतेयस म्हणे."

"भांडत नाही. सराव करते."

"मराठीत? तुझ्या वॉर्डात किती मराठी मतदार आहेत गं?"

"ऋजुता, उगाच तिरकं बोलू नकोस."

"बरं, सरळ बोलते. ते बाबा नाहीयेत. नुसतं प्रोबॅबिलिटीचं गणित आहे ते."

"संभाव्यता तू मला शिकवू नकोस. प्रत्येक मोजमापाला त्रुटी असते, त्रुटीलाही आकार असतो, आणि त्या आकारावरूनच—"

"आई."

"काय?"

"तू वर्ग घ्यायला लागलीस."

ऋजुता हलक्या आवाजात म्हणाली, "नाव यादीतून गेलं की सावली जाते, मी वाचलंय. माणूस वॉर्ड सोडून गेला किंवा वारला तरच नाव जातं. घरच्यांनी मृत्यूचा दाखला नेऊन दिला तर त्याच दिवशी. तू का नाही देत?"

"निवडणूक झाली की देईन."

"निवडणुकीचा काय संबंध?"

"आकडा तीनवर आलाय," चारुशीला म्हणाली.

*

उमेदवारांचा जाहीर सामना जानेवारीत, वॉर्डातल्या सार्वजनिक वाचनालयात झाला. बाहेर तळ्यावरून बोचरं वारं सुटलेलं, आत माणसांनी खुर्च्या भरलेल्या. तिचा प्रतिस्पर्धी रेमंड कोस्लो दोनदा निवडून आलेला नगरसेवक होता. उंच, खांद्यात वाकलेला, प्रत्येकाच्या आईची चौकशी करणारा. त्याचं बोलणं संथ असे आणि तो कधी चिडत नसे.

पहिला अर्धा भाग चारुशीलाला चांगला गेला. मग एका म्हाताऱ्याने उठून विचारलं की सगळीकडे एकदमच काम कसं काय सुरू करणार, माणसं कुठून आणणार? नेमका नको तो प्रश्न. ती उभी राहिली आणि पाण्याचा सामू, नळीच्या आतला क्षारांचा थर, फॉस्फेटचं प्रमाण असं एकेक सांगू लागली. ती उत्तर सोडून भलतीकडेच चालली आहे हे तिला स्वतःलाच ऐकू येत होतं.

कोस्लोने हात वर केला. "डॉक्टर टिपणीसांवर रागावू नका," तो लोकांना म्हणाला. आवाजात कुत्सितपणा मुळीच नव्हता. "त्या घाबरल्या की वर्ग घ्यायला लागतात."

सभागृहात हसू पसरलं. फार मोठं नाही, तसं प्रेमळच.

चारुशीला जागच्या जागी थिजली. वाक्य इंग्रजीत होतं, पण ते विद्याधरचं होतं. 'तू घाबरलीस की वर्ग घ्यायला लागतेस.' लग्नानंतरच्या पहिल्या विमानप्रवासात तो हे प्रथम म्हणाला होता, आणि मग संसारभर, स्वयंपाकघरात, गाडीत, ऋजुताच्या तापाच्या वेळी दवाखान्यात. मराठीत. घरातल्या घरात. बाहेरच्या कोणासमोर त्याने तिला कधी असं टोकलं नव्हतं.

तिने पुढचं वाक्य शोधलं, ते सापडलं नाही. माईकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. डोलोरेस पहिल्या रांगेतून हाताने खूण करत होती, बोल, काहीही बोल. चारुशीला खाली बसली.

'फर्स्ट नॉक' विकत घेणाऱ्या प्रत्येकाला सगळ्याच सावल्या मिळतात, ही साधी गोष्ट तिला इतके दिवस सुचली नव्हती. ती रोज दुपारी ज्या दारावर थाप मारत होती, त्याच दारावर दुसरेही मारत असणार. तिच्याबद्दल विचारत असणार. बाईंचं दुखरं कुठे आहे? आणि तो सांगत असणार.

*

सकाळी तिने चहासुद्धा केला नाही. टॅब्लेट उघडून थेट लिहिलं. *कोस्लोच्या माणसांना काय सांगितलंस?*

*कोण कोस्लो?*

*ते येऊन गेले तुझ्याकडे.*

*माझ्याकडे कोणी आलं नाही.*

अर्थात. एका प्रचाराचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही अशीच रचना होती, हे तिने माहितीपत्रकात स्वतः वाचलं होतं. त्याच्या दृष्टीने खरोखरच कोणी आलं नव्हतं. तीसुद्धा कधी आली नव्हती.

*माझं गुपित होतं ते,* तिने लिहिलं. *आपलं.*

बराच वेळ काहीच उमटलं नाही. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग एक ओळ आली. *बाहेर गार आहे. उभी राहू नकोस, दार लावून घे.*

हिवाळ्यात दारात आलेल्या माणसाशी लोक असंच काहीतरी बोलतात. प्रोग्रॅमला तारीख ठाऊक होती, तापमान ठाऊक होतं. त्यात अर्थ शोधायचं कारण नाही, असं तिने स्वतःला बजावलं. मग कपाटातून दाखल्याची प्रत घेतली आणि कोट चढवला.

निवडणूक कार्यालयात गर्दी नव्हती. खिडकीमागच्या तरुणीने प्रत उलटसुलट पाहिली, चष्म्यावरून चारुशीलाकडे बघितलं, आणि तिला ओळखल्यासारखं केलं. प्रचाराचे फलक सगळीकडेच लागले होते.

"हे तुमचे…?"

"नवरा."

"मला फार वाईट वाटलं, मॅडम. मतदारयादीतून कमी करायचंय ना? एकदा काढलं की परत घालता येत नाही."

"माहीत आहे."

तरुणीने एक कळ दाबली. "झालं," ती म्हणाली, आणि मग, आपण फार पटकन म्हणालो असं वाटून, पुन्हा एकदा हळू म्हणाली, "झालं."

घरी येऊन चारुशीलाने पत्ता टाकून पाहिला. एकच नाव आलं.

*

उरलेले दिवस ती बाहेर होती. टॅब्लेट तिने डोलोरेसच्या हवाली केला आणि डोक्यावर लोकरी टोपी घालून लाकडाची दारं वाजवत फिरली. लोक काय म्हणतील हे तिला आधी ठाऊक नसायचं. एका बाईने तोंडावर दार आपटलं. एकाने आत बोलावून स्वयंपाकघरातला नळ दाखवला आणि त्याच्या नातवाच्या रक्ततपासणीबद्दल तासभर सांगितलं. 'सगळीकडे एकदमच' हे शक्य नाही, असं तिने दारोदार कबूल केलं. आधी नदीपलीकडे, मग इकडे, तुम्हाला थांबावं लागेल. काहींनी मान हलवली, काही उखडले. वर्ग घेण्याची ऊर्मी आली की ती गप्प बसून समोरच्याचं ऐकायची.

ती निवडून आली, अगदी थोडक्यात. लाँड्रीत लोक नाचले. डोलोरेस रडली आणि रडल्याबद्दल सगळ्यांना दम भरला. ऋजुता फोनवर नुसतीच किंचाळली. चारुशीला हसत सगळ्यांच्या गळ्यात पडत होती. मधेच तिच्या मनात यायचं, तो माझ्या बाजूने नव्हताच. तीनपर्यंत आला होता, तेवढंच.

हरलेल्या उमेदवाराने जिंकलेल्याला फोन करायचा रिवाज आहे. कोस्लोने फोन केला आणि वर सकाळच्या न्याहारीला यायचं आमंत्रणही दिलं. कोपऱ्यावरच्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये तो आधीच येऊन बसला होता. एका रात्रीत म्हातारा दिसायला लागला होता.

"चांगलं लढलात," तो म्हणाला. "शेवटच्या दिवसांत तुम्ही मला चकवलंत. आमचा प्रोग्रॅम म्हणत होता की काम उशिरा होईल असं तुम्ही कधीच कबूल करणार नाही."

"एक विचारायचं होतं," चारुशीला म्हणाली. तिने समोरच्या अंड्यांना हातही लावला नव्हता. "माझा नवरा सप्टेंबरमध्ये गेला. तुम्हाला ते ठाऊक होतं. तरी तुमची माणसं त्याच्या दारावर गेली."

कोस्लोने काटा खाली ठेवला. "गेली. नाकारत नाही. चार-पाचदा गेली. मी म्हटलं होतं की हे बरं दिसत नाही. पण खरं सांगू का, त्यातून काही हाती लागलं नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर. 'माझी बायको उभी आहे. तुम्ही चुकीच्या दारात आलात.' दुसरा शब्द नाही. आमच्याकडे त्याचा आकडा पाच होता. साऱ्या वॉर्डात इतका पक्का पाच दुसरा नसेल."

रेस्टॉरंटमध्ये ताटल्यांचा आवाज होत होता. चारुशीला टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

तिला कळलं, आणि हे आपल्याला आधी कळायला हवं होतं हेही कळलं. यंत्र त्याचं मराठी कुठून शिकलं होतं? भिंतीवरच्या त्या यंत्राने ऐकलेल्या स्वयंपाकघरातून, जिथे तो तिच्या प्रत्येक म्हणण्याला फाटे फोडायचा. आणि कोस्लोच्या माणसांना उत्तर दिलं ते इंग्रजी? बाकी सगळ्या जगाशी तो जे बोलला त्यातून. कचेरीत, शेजाऱ्यांत, सभांमध्ये. तो बाहेर तिच्याबद्दल काय बोलायचा ते ऐकायला ती तिथे कधी नसायचीच. ती रोज त्याच्या दारावर गेली होती, पण घरातूनच. यातलं खरं कोणतं, हे तिचं शास्त्र सांगू शकत नव्हतं. दोन्ही उत्तरं एकाच नमुन्याची होती. आणि नमुना आता उरला नव्हता.

"मग ते वाक्य?" तिने विचारलं. "वाचनालयातलं. ते कुठून आणलंत?"

कोस्लोने तिच्याकडे पाहिलं. तिला खरोखरच ठाऊक नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तुम्हीच दिलंत," तो म्हणाला. "तुमच्या सावलीने. तुम्ही या वॉर्डाच्या मतदार आहात, डॉक्टर."

तिने समोरची ताटली बाजूला सारली.

"माझ्या कार्यकर्तीला पहिल्या दिवशी वाटलं की प्रोग्रॅम बिघडलाय. लोकांच्या सावल्या दोन वाक्यांत दार लावतात. तुमची लावतच नाही. कोणीही थाप मारली तरी उघडते आणि बोलत राहते. नवरा काय म्हणायचा, कसा चिडवायचा, सगळं. मी स्वतः एकदा बसून वाचलं. मग बंद करा म्हटलं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि त्या दिवशी…" त्याने हात पसरले. "मला वापरायला नको होतं."

"अजून बोलते?"

"आमचा परवाना आज दुपारपर्यंत आहे. काल सकाळी शेवटचं उघडलं होतं. दारात कोणी आलं की आधी तुम्ही एकच विचारता. 'विद्याधरशी बोललात का? काय म्हणाला तो?'"

नगरसेवकाला त्याच वॉर्डात राहावं लागतं, त्याच वॉर्डाचा मतदार असावं लागतं. कालच्या विजयाने पुढची चार वर्षं तिचं नाव त्या यादीत पक्कं केलं होतं. कंत्राटदार, पत्रकार, पुढच्या निवडणुकीचे उमेदवार, ज्याला परवाना परवडेल तो त्या दारावर जाणार होता आणि ती बाई दार उघडून उभी राहणार होती.

"आहे का तुमच्याजवळ?" चारुशीलाने विचारलं.

कोस्लो घुटमळला. मग त्याने पिशवीतून टॅब्लेट काढला, पत्ता टाकला आणि तो तिच्यासमोर सरकवला. दाराचं तेच साधं चित्र. तिने काहीच लिहिलं नव्हतं, तरी ओळ उमटली. *या ना. विद्याधरशी बोललात का? काय म्हणाला तो?*

चारुशीलाने चष्मा पुसला. कोस्लो खिडकीबाहेर बघू लागला. तिने सावकाश, एकेक अक्षर तपासून लिहिलं. *बोलले. तो म्हणाला, माझी बायको उभी आहे. तुम्ही चुकीच्या दारात आलात.*

उत्तर यायला वेळ लागला नाही.

*छे. विद्याधर असं बोलायचाच नाही. खरं सांगा ना, काय म्हणाला तो?*